नकाशातलं भोक

आमच्या गावात बायको पळून गेली तर पुरुष ते चारचौघांत सांगेल, पण मासे कुठे मिळाले ते सांगणार नाही. होडी धक्क्याला लागते, टोपलीत हाताएवढा गोबरा दिसतो, कुणीतरी विचारतं, "कुठे रे मिळाला?" की तो हनुवटी वर करून म्हणतो, "तिकडे." आणि हनुवटी नेमकी उलट्या दिशेला. विचारणाऱ्यालाही ते ठाऊक असतं. तो मान डोलावतो आणि मग दोघं लुत्सेच्या कॅफेत कॉफी प्यायला जातात. याला आमच्याकडे खोटं बोलणं म्हणत नाहीत. फादर लोव्रे तर हे पापाच्या कबुलीतही धरत नाहीत, कारण दर सोमवारी ते स्वतः गळ घेऊन जातात आणि विचारलं की तेही हनुवटीच दाखवतात.

माझा नवरा कुझ्मा या बाबतीत सगळ्यांचा बाप. त्याची एक जागा होती. सासऱ्यांनी मरताना सगळ्यांना खोलीबाहेर काढलं, मी सूप घेऊन उभी होते तर मलाही काढलं, आणि त्या जागेच्या खुणा कुझ्माच्या कानात सांगितल्या. उजव्या कानात, कारण डावा लहानपणी बुडी मारताना फुटला होता. तेव्हापासून त्याला पाण्याखाली जायला डॉक्टरांची मनाई. खुणा म्हणजे किनाऱ्यावरच्या ठरलेल्या वस्तू एकामागे एक एका रेषेत आल्या की समजायचं, आलो. त्या कुठल्या, याची त्याने मला कधी ताकास तूर लागू दिली नाही. त्याच्या अंगावरचा तीळ न् तीळ मला पाठ आहे, पण त्याची जागा कुठे ते मला माहीत नव्हतं. याचा मला राग होता आणि तो मी लपवतही नव्हते.

आता या माणसाची आयुष्यातली एकच हौस. ती जागा खालून कशी दिसते ते बघायचं. गळाला कधी स्पंजाचा तुकडा यायचा, कधी कसले कसले शंख. ते घरी आणून खिडकीत मांडायचा आणि म्हणायचा, "खाली राजवाडा आहे, विंका. एवढे मासे काय उघड्यावर राहतात?" जर्मनीतल्या मुलीने मोबाइल पाठवला तेव्हापासून तर विचारू नका. जेवणाच्या टेबलावर नकाशा उघडून दोन बोटांनी समुद्र ताणत बसायचा. त्या नकाशात आमच्या अंगणात वाळत घातलेले माझे परकर दिसतात, पण समुद्र म्हणजे नुसता निळा रंग फासलेला. सागरी नकाशा उघडला तर त्यात त्या भागाला एक आकडा आणि पुढे 'गाळ, सपाट' एवढंच. "गाळ म्हणे," तो कुत्सितपणे हसायचा. "यांच्या डोक्यात गाळ." आणि ताटातला बटाटा गार व्हायचा.

त्या वर्षी आमच्या होडीची, माग्दाची, पाळी होती. डिसेंबरात सेंट निकोलाच्या दिवशी चर्चसमोर गावातली एक म्हातारी होडी जाळतात आणि तिची मूठभर राख नव्या होडीच्या तळाशी घालतात. तो मान असतो. कुझ्मानेच होकार दिला होता. माग्दाची लाकडं किड्यांनी खाल्ली होती, कुझ्माचे गुडघे कुणी खाल्ले देव जाणे. पण होकार दिल्यापासून माणूस धड जेवेना. मी विचारलं, "होडीसाठी रडतोयस का?"

"होडी गेली की मी तिकडे जाणार नाही," तो म्हणाला. "न बघताच मरणार. आयुष्यभर एका घराचं दार ठोठावलं, विंका, आत कोण राहतं ते कळलंच नाही."

एरवी मी त्याला टोमणा मारला असता. त्या दिवशी सुचला नाही.

मग मार्चमध्ये इस्क्रा आली. स्प्लिटच्या कुठल्याशा समुद्राच्या संस्थेतली, तिशीची, उन्हाने नाक सोललेली पोरगी. तिने सगळ्या होडीवाल्यांना लुत्सेच्या कॅफेत बोलावलं आणि भिंतीवरच्या टीव्हीला आपला संगणक जोडला. त्या टीव्हीवर आजवर फुटबॉलशिवाय काही दिसलं नव्हतं, त्यामुळे पुरुष आधीच नाराज.

"चंद्राचा नकाशा आपल्या समुद्राच्या तळापेक्षा चांगला काढलेला आहे," ती म्हणाली.

"चंद्रावर मासे नाहीत ना," माझा धाकटा भाऊ बेपो म्हणाला. "म्हणून कुणी काही लपवलं नाही."

सगळे हसले, तीही हसली, आणि खिशातून साबणाच्या वडीएवढी पेटी काढून तिने टेबलावर ठेवली. ही होडीतल्या, खालचे मासे आणि खोली दाखवणाऱ्या फिशफाइंडरला जोडायची. होडी जिथून जाईल तिथली खोली पेटी आपोआप टिपणार, आणि सगळ्या होड्यांचं टिपण एकत्र झालं की तळाचा नकाशा तयार, डोंगरदऱ्यांसकट. शिवाय ऑक्टोबरात संस्थेचं जहाज येणार, त्यावर कॅमेरावाला रोबो. प्रत्येक गावाला एक बुडी. नकाशात जी जागा सगळ्यांत बघण्यासारखी ठरेल तिथे रोबो उतरणार आणि खाली काय आहे ते गाव इथेच, या टीव्हीवर बघणार. कुझ्माचा कप तोंडाजवळ जाऊन तिथेच थांबला. मी लुत्सेच्या मदतीला काउंटरमागे होते, तिथून बघत होते.

"कोण कुठे गेला ते दिसणार का?" कुणीतरी मागून विचारलं. सगळ्यांच्या मनात होतं तेच.

"नाही काका. होडीचं नाव मी पुसून टाकते. नुसता तळ दिसेल. आणि नकाशा तुमचा, चित्रफीतही तुमची. तुम्ही नको म्हटलंत तर आमची संस्था काही छापणार नाही."

अकरा होडीवाले तिच्याकडे दंतवैद्याकडे बघावं तसे बघत होते. पण पेटी फुकट होती, आणि फुकट म्हटलं की आमचे पुरुष डांबरसुद्धा चाटतील. सगळ्यांनी घेतली.

पुढे जे झालं त्याची मला कल्पना नव्हती. हे लोक वेडे झाले. रोज संध्याकाळी टीव्हीवर तो नकाशा आणि त्यासमोर टोळकं. उथळ ते लाल, खोल ते निळं, मधले सगळे रंग. आज कुणी कुठल्या पट्टीत रंग भरला, कुणाच्या होडीखाली कडा निघाला. ज्या पाण्यावरून यांचे आजे-पणजे गेले त्याच्याखाली घळ आहे, टेकड्या आहेत, बुडालेला नदीचा काठ आहे, हे आता कळत होतं. बेपोला एक खोल, अंधारी घळ सापडली, जिच्यात गेलेलं जाळं परत येत नाही. तिला त्याने आपल्या सासूचं नाव दिलं, आणि आठवड्याभरात सगळं गाव 'सासूची घळ' म्हणायला लागलं. पत्ते बंद पडले. गुडघ्यांमुळे धड चालता न येणारा माझा नवरा भर उन्हात रिकाम्या समुद्रात गवत कापल्यासारखा सरळ रेषेत माग्दाला इकडून तिकडे फिरवायचा, मासा एक नाही, नुसता नकाशा भरायला. घरी आला की डोळे लकलकत असायचे. मला बरं वाटायचं, पण तसं मी म्हटलं नाही.

एक दिवस जेवताना मी सहज विचारलं, "मग तुझी जागा कशी दिसते नकाशात?"

तो काट्याने मासा उकरत बसला.

"कुझ्मा."

"तिकडे गेलो की पेटी बंद करतो," तो म्हणाला. "बाहेर पडलो की परत चालू."

मी सुरी खाली ठेवली. "म्हणजे नकाशात तुझी जागाच नाही. मग रोबो तिथे कसा जाईल, शहाण्या?"

"त्याचाच विचार करतोय."

"कधीपासून?"

"मार्चपासून."

मी त्याला काय काय म्हटलं ते इथे सांगत नाही. शेजारच्या लुत्सेने खिडकी लावून घेतली एवढं सांगते. जागा दाखवली तर सगळं गाव तिथे गळ टाकणार. नाही दाखवली तर रोबो दुसरीकडे बुडणार आणि डिसेंबरात माग्दा जळणार. बाप काय म्हणेल, हेच त्याचं एक. मी म्हटलं, तुझा बाप मेलाय, त्याला आता मासे कशाला हवेत? तर उठून झोपायला गेला.

सप्टेंबरात इस्क्राने शेवटची बैठक घेतली. त्या वेळी आम्ही बायकाही गेलो, कारण यूगो वारा सुटला होता, आणि त्या दक्षिणेच्या वाऱ्यात घरात बसलं की भांडणं होतात. मी विणकाम घेऊन कुझ्माशेजारी बसले. टीव्हीवर पूर्ण नकाशा आला आणि खरं सांगते, माझाही हात थांबला. बेटाभोवतीचा सगळा तळ, रंगीत, सुरकुत्यांसकट. आणि त्यात, बेटाच्या थोडं दक्षिणेला, एक भोक. गोल, पांढरं, कात्रीने कापून काढल्यासारखं.

"एवढंच राहिलं," इस्क्रा म्हणाली. चेहरा अगदी साधा. "इथे काहीतरी गडबड होते. पेट्या इथे आल्या की बंद पडतात आणि थोड्या वेळाने पलीकडे चालू होतात. अकराच्या अकरा. बॅटरीचा दोष असेल."

बेपोला ठसका लागला. मला आधी काही कळलं नाही. मग मी पुरुषांकडे बघितलं. एकेकाचे कान लाल होत चालले होते. फादर लोव्रे छताकडे बघत होते, तिथे काही नव्हतं. मला कळलं, आणि माझ्या हातातून लोकरीचा गुंडा सुटून टेबलाखाली गेला.

देवा, काय ही माणसं. प्रत्येकाला वाटत होतं जागा आपल्या एकट्याची. पहाटे कुझ्मा जायचा, रविवारी सगळे चर्चमध्ये असताना बेपो, सोमवारी फादर. कधी दुसरी होडी तिथे दिसलीच तर विचारायचं, काय रे, इथे कसा? तो म्हणायचा, इंजिन बिघडलं. बरं, म्हणून हा पुढे जायचा आणि वळसा घेऊन मग परत यायचा. आमच्या गावातली इंजिनं किती वर्षं नेमकी त्याच ठिकाणी बिघडत होती आणि एकालाही शंका आली नाही. का, तर प्रत्येक जण स्वतः खोटं बोलण्यात गुंतलेला.

"तर रोबो सासूच्या घळीत उतरवू," इस्क्रा म्हणाली. "कुणाची हरकत?"

पुरुष आपापल्या कपात बघायला लागले. 

"सासूकडेच पाठव," शेवटी बेपो म्हणाला. "एकदा दिसू दे जगाला."

कुणी हसलं नाही. कुझ्मा हातातली टोपी पिळत होता, पिळून पिळून तिची दोरी झाली होती. मी टेबलाखालून त्याच्या गुडघ्यावर लाथ मारली. दुखऱ्या गुडघ्यावर, मुद्दाम. इस्क्राने संगणक मिटायला हात पुढे केला तेव्हा तो उठला.

"त्या भोकात पाठव, पोरी."

"तिथे काय आहे, काका?"

"माझी जागा आहे."

कुझ्मा माझ्याकडे वळला. इस्क्राकडे नाही, टीव्हीकडे नाही, माझ्याकडे बघून बोलला. "छोट्या चर्चजवळचं सुरूचं झाड तांबड्या खडकाच्या नाकावर आणायचं. आणि दीपगृह छोट्या बेटाच्या मागून निम्मं बाहेर आलं पाहिजे. निम्मंच. पूर्ण दिसलं तर पुढे गेलास." मी इतकी वर्षं ज्याच्यासाठी भांडले ते हे एवढंच होतं.

आणि तेवढ्यात मला दिसलं, बेपोचे ओठ हलत होते. 'निम्मंच' म्हणताना कुझ्माच्या बरोबरीने त्याचे ओठ 'निम्मंच' म्हणाले.

"दाजी," बेपो हळूच म्हणाला, "हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"माझ्या बापाने. मरताना."

"मला माझ्या बापाने. मरताना. मला म्हणाला, कुझ्माच्या घरच्यांना कळू देऊ नकोस."

मग जो गदारोळ झाला तो लुत्से अजून सांगते. प्रत्येकाला बापाने सांगितलं होतं, प्रत्येकाला मरताना. फादर लोव्रे म्हणाले, त्यांना आधीच्या फादरनी सांगितलं. इस्क्रा टेबलावर बसून सगळ्यांकडे बघत होती. मी तिला म्हटलं, "बॅटरीचा दोष काय गं?" तर म्हणाली, "काकू, माझे बाबा पण कोळी होते. हनुवटीवरून ओळखते मी."

ऑक्टोबरात जहाज आलं. सकाळी सगळं गाव लुत्सेकडे, उभं राहायला जागा नाही. कुझ्मा पहिल्या खुर्चीत, रविवारच्या प्रार्थनेला घालतो तो शर्ट घालून, दाढी इतकी घोटलेली की गाल सोललेला. हात गार पडले होते. मी एक हात धरला, त्याने सोडवून घेतला, मग परत दिला.

टीव्हीवर निळं, मग गडद निळं, मग काळं. दिव्यात कसले कसले कण उडत होते. जहाजावरून इस्क्राचा आवाज येत होता, "चाळीस मीटर... तळ दिसतोय... गाळ आहे, सपाट." कुझ्मा खुर्चीच्या कडेला सरकला. "थांबा, समोर काहीतरी उंच आहे. ढीग आहे. कडा सरळ आहेत याच्या." तिचा आवाज चढला. "हे नैसर्गिक नाही. हे कुणीतरी बांधलंय."

"राजवाडा," कुझ्मा म्हणाला.

रोबो पुढे सरकला, दिवा फिरला, आणि टीव्हीवर माझी शेगडी आली.

माझी पांढरी, चार चुलींची शेगडी, दाराला निळी फुलं. आईने लग्नात दिलेली. नवी घेतली तेव्हा कुझ्मा म्हणाला होता, जुनी मी मठातल्या सिस्टरांना देऊन येतो, गरीब आहेत बिचाऱ्या. होडीत घालून घेऊन गेला. त्यानंतर दर ईस्टरला मी विचारायचे, सिस्टर काही म्हणाल्या का? तो म्हणायचा, तुझं नाव घेऊन प्रार्थना करतात. आता तिच्या भट्टीतून मांडीएवढी जाड वाम तोंड काढून बघत होती.

"कुझ्मा," मी म्हटलं.

"माशांना आडोसा लागतो," तो पुटपुटला. "आडोसा असला की राहतात."

मी पुढे काही म्हणणार तोवर लुत्से किंचाळली. तिचा न्हाणीचा टब. नवऱ्याने भंगारात दिला म्हणून सांगितलेला. मग बेपोची स्कूटर, जी चोरीला गेली म्हणून तो पोलिसात जाऊन आला होता. पोलीस पण तिथेच, दाराशी कॉफी घेऊन उभा. मग एक फ्रीज, नांगर, कुणाच्या तरी पाळण्याचा लोखंडी सांगाडा. वस्तू दिसली की एक बाई उठायची आणि एक पुरुष खाली वाकून बुटाची नाडी बांधायला लागायचा. शेवटी दिवा एका घंटेवर पडला. तडा गेलेली, चर्चची जुनी घंटा, जी वितळवायला झाग्रेबला पाठवली होती. आत ऑक्टोपस बसला होता. सगळं गाव फादर लोव्रेंकडे वळलं.

"तिला तडा गेला होता," फादर म्हणाले.

एवढं हसणं मी त्या कॅफेत कधी ऐकलं नाही. बायका शिव्या देत होत्या आणि हसत होत्या. फक्त कुझ्मा हसत नव्हता. मला वाटलं, संपलं. राजवाडा बघायला बसला आणि दिसला उकिरडा. शेगडीचं सगळं माझ्या जिभेवर तयार होतं, तरी मी गिळलं.

रोबो ढिगाच्या पायथ्याशी गेला. तिथल्या वस्तू जुन्या होत्या, शेवाळ आणि स्पंजाने मढलेल्या. दगडाची एक डोणी, तेल साठवायची. तिच्या कडेला कोरलेला क्रूस अजून दिसत होता. कुझ्मा खुर्चीतून उठला. ती त्याच्या आईची डोणी. आमचं लग्न ठरलं त्या वर्षी ती हरवली आणि सासूबाईंनी आळ घेतला माझ्या आईवर. लग्न वर्षभर अडलं. नंतरही सासूबाई मरेपर्यंत माझ्या माहेरी पाणी प्यायल्या नाहीत. आणि माझी आई म्हणायची, डोणीचा सूड म्हणून त्यांनी आमचं जातं चोरलं. ते जातं डोणीला टेकून उभं होतं.

बेपोने माझ्याकडे बघितलं. मी बेपोकडे. कुझ्माचा बाप आणि आमचा बाप एकमेकांशी बोलत नव्हते. दोघं आपापल्या बायकांच्या वस्तू चोरून, एकटे एकटे होडीत घालून, एकाच जागी टाकून आले होते, आणि दोघंही घरी येऊन गप्प बसले.

"काका," इस्क्राचा आवाज आला, सावकाश. "खाली खडक नाहीये. सगळा गाळ आहे, जुना नकाशा बरोबर होता. इथे जे काही आहे ते सगळं तुम्ही टाकलंय. तुम्ही आणि तुमच्या आधीच्यांनी."

मग लुत्सेच्या टबातून एक गोबरा बाहेर आला. म्हातारा, आडवा, ओठात गंजलेला गळ अडकलेला. तो सरळ कॅमेऱ्यासमोर येऊन थांबला आणि घरात कोण घुसलंय ते बघायला आल्यासारखा बघत राहिला. त्याच्या मागून लहान लहान मासे, शेगडीतून, घंटेतून, स्कूटरच्या चाकातून. कुझ्मा टीव्हीजवळ गेला आणि काचेला हात लावला. त्याचे गाल ओले होते आणि त्याने पुसलेही नाहीत.

"विंका," तो म्हणाला, "बघ, किती जण राहतात."

शेगडीचं मी नंतर बोलले. पुष्कळ बोलले. पण त्या वेळी मी नुसती त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

डिसेंबर आला. चर्चसमोर लाकडं रचली, आणि आदल्या दिवशी कुझ्माने सांगितलं, माग्दाला जाळणार नाही. मग काय करणार, हे कुणी विचारलं नाही, सगळ्यांना कळलं. फादर लोव्रे म्हणाले की संताच्या दिवशी होडी जळलीच पाहिजे, रीत आहे. कुझ्मा म्हणाला, "फादर, घंटेबद्दल बिशपना कळलंय का?" सणाच्या संध्याकाळी बेपोची परसात पडलेली सडकी वल्ह्याची होडी जळली आणि संताने काही तक्रार केली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही माग्दाला ओढून नेलं. इंजिन काढलेलं, तेलाचा थेंब न् थेंब पुसलेला, पोटात दगड. अकरा घरं, सगळी दिवसाढवळ्या एकत्र, पहिल्यांदाच. कुणाचंही इंजिन बिघडलं नाही. मी बेपोच्या होडीत पुढे बसले होते. सुरूचं झाड खडकाच्या नाकावर आलं. दीपगृह बेटामागून सरकायला लागलं. सगळे माझ्याकडे बघत होते, कारण कुझ्माने सांगितलं होतं, विंका सांगेल तेव्हा सोडायचं. मी थांबले. निम्मं दिसलं तेव्हा हात वर केला.

माग्दा सावकाश गेली, आधी मागचा भाग, मग नाव, मग काहीच नाही. कुझ्माने टोपी काढली. खूप वेळ तो पाण्याकडे बघत होता, आणि त्याला आता खाली काय आहे ते माहीत होतं. "उद्यापर्यंत कुणीतरी राहायला येईल," तो म्हणाला, आणि मी हो म्हटलं.

नकाशाचं म्हणाल तर गावाने एकमताने ते भोक कुणालाही द्यायला नकार दिला. इस्क्रा म्हणाली, खोटं मी काही लिहिणार नाही, पण जिथे नवी माहिती दिली जात नाही तिथे जुनाच नकाशा दिसतो. आता मोबाइलवर बघाल तर आमच्या बेटाभोवती डोंगर, दऱ्या, सासूची घळ, सगळं रंगीत आहे. आणि एके ठिकाणी 'गाळ, सपाट'. कुझ्मा जेवताना अजून ते दोन बोटांनी ताणतो आणि हसतो.

त्या सकाळी परत आलो तेव्हा धक्क्यावर शेजारच्या गावचा एक जण उभा होता, बोटीची वाट बघत. दहा होड्या एकदम येताना बघून त्याचे डोळे विस्फारले. 

"सगळं गावच?" तो म्हणाला. "कुठे गेला होतात?"

कुझ्माने हनुवटी वर केली, उत्तरेकडे. "तिकडे."

बेपोची हनुवटी उत्तरेकडे गेली. फादरांची गेली. लुत्सेची, तिच्या नवऱ्याची, सगळ्यांची. त्याने शेवटी माझ्याकडे बघितलं, बाईमाणूस खरं सांगेल म्हणून.

मी शाल सारखी केली आणि उत्तरेकडे हनुवटी दाखवली.